हळू चालवणारे पुढे

(शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहून काढलं आहे.)



मला सांगितलं गेलं की सायकलवरून कन्याकुमारीला गेल्याचं वीस मिनिटांत सांग. चोवीस दिवस वीस मिनिटांत बसवायचे म्हणजे चारकोप ते कन्याकुमारी विमानानेच न्यायला हवं. तरी प्रयत्न करते.

आधी एक खुलासा. आमच्यापैकी एकाने अट घातली आहे की भाषणात त्याचं नाव घ्यायचं नाही. मग न्यायाने मी कोणाचंच घेत नाही. शाळेतल्या ओळखीवर भागवते, तुम्हाला कळेलच कोण ते. आम्ही पाच जण होतो. एक आमच्या वर्गाचा मॉनिटर, आता बँकेत अधिकारी. दुसरी पहिल्या बाकावरची, जी तेव्हाही आपली वही कोणाला द्यायची नाही आणि आता नर्स म्हणून सगळ्यांची सेवा करते. तिसरी आपली खो-खोची कॅप्टन, चारकोपमध्ये पोळीभाजी केंद्र चालवते. चौथा शेवटच्या बाकावरचा, त्याचं सायकलचं दुकान आहे. आणि पाचवी मी. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे दिवसभर खुर्चीत बसून असते.

सायकल आणि चारकोप यांचं नातं माझ्या वयाच्या लोकांना वेगळं सांगायला नको. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने इथे लहान लहान प्लॉट पाडले, चौकाभोवती तीस-पस्तीस घरांच्या सोसायट्या केल्या, आणि आपले आईवडील परळ, लालबाग, गिरगावातून इथे राहायला आले. तेव्हा सेक्टरमधले रस्ते आखलेले होते, पण त्यांवर गाड्या नव्हत्या. एका बाजूला खाडी आणि तिवरं. बस यायची तेव्हा यायची. सायकल शिकायला याहून चांगली जागा मुंबईत दुसरीकडे नसेल. तासाला दोन रुपये भाड्याने सायकल मिळायची. मोठ्या सायकलच्या त्रिकोणातून पाय घालून हाफ पेडल मारत आम्ही शिकलो. गुडघे फोडून घरी गेलो की आई आधी ओरडायची आणि मग हळद लावायची.

ते भाड्याच्या सायकलींचं दुकान शेवटच्या बाकावरच्याच्या वडिलांचं होतं. आता तो चालवतो. २०२० च्या लॉकडाऊननंतर सगळ्या मुंबईला अचानक सायकलची आठवण झाली, तेव्हा मीही माळ्यावरची सायकल काढून त्याच्याकडे नेली. तीस वर्षांत मी त्या दुकानावरून हजार वेळा गेले असेन. त्याने सायकल उलटी केली, चाक फिरवलं, आणि मान वर न करता म्हणाला, "रोल नंबर चौदा. अजून पुढचाच ब्रेक दाबतेस ना?" मी चाटच पडले. मला त्याचं नाव आठवायला दोन मिनिटं लागली. हे मी आज सगळ्यांसमोर कबूल करते, कारण पुढचं सगळं याच्याशी निगडित आहे.

मग रविवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. सकाळी सहाला निघायचं, मार्वेच्या धक्क्यावरून होडीत सायकली घालायच्या, मनोरी, गोराई, उत्तन करत भाईंदरला यायचं. होडीत सायकलचं तिकीट वेगळं लागतं, पण त्या पाच मिनिटांत मुंबई मागे राहते. हळूहळू पाच जण ठरले. २०२३ च्या पावसाळ्यात कोणीतरी म्हणालं, असंच किनाऱ्याने खाली जात राहिलो तर? नकाशा उघडला, तर किनारा कन्याकुमारीलाच संपत होता.

आता इतक्या लांब सायकलने जाणं म्हणजे काही जगावेगळं नाही, हे मी आधीच सांगते. या मुंबईतूनच १५ ऑक्टोबर १९२३ ला सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या प्रदक्षिणेला निघाले होते. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमन कापडिया. बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सभासद. इराण, इराकचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, ब्रह्मदेश असं करत ते १८ मार्च १९२८ ला परत आले. सुमारे ७१,००० किलोमीटर. आपल्या पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली विसाव्या वर्षी एकटी १५९ दिवसांत २९,००० किलोमीटर फिरली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ, नाशिकचे डॉ. महाजन बंधू अमेरिका आडवी पार करण्याच्या शर्यतीत उतरून ती पूर्ण करून आले. त्यांच्यापुढे आमची सहल म्हणजे गल्लीतलं क्रिकेट. पण ज्यांची गुडघ्याची कुरकुर सुरू झाली आहे आणि ज्यांना रजेसाठी साहेबाकडे हात जोडावे लागतात, त्यांच्यासाठी ती पुरेशी मोठी होती.

तयारी मी केली. म्हणजे मी तक्ता केला. रोज किती किलोमीटर, किती चढ, कुठे जेवण, कुठे मुक्काम, कुठली फेरीबोट किती वाजता. पाच रंग, सात रकाने. दुकानदाराने तो मोबाईलवर पाहिला आणि विचारलं, "यात पंक्चर कुठे आहे?" मी हसले. त्याने मात्र प्रत्येकाला दोन ट्यूब, सोल्युशन, लिव्हर, चेन जोडायची पिन आणि मागच्या चाकाच्या जादा तारा बांधायला लावल्या. प्रत्येकाकडून पाच वेळा चाक काढून घेतलं. मॉनिटरने तक्रार केली तेव्हा म्हणाला, "तुझ्या बँकेत मी पाच वेळा फॉर्म भरतो तेव्हा मी बोलतो का?"

२ डिसेंबर २०२३, शनिवार. पहाटे साडेचारला दुकानासमोरून निघालो. लिंक रोडने भाऊच्या धक्क्यापर्यंत, तिथून रो-रो बोटीने मांडवा, मग अलिबाग, रेवदंडा आणि काशीद.

किनाऱ्याचा रस्ता म्हटला की लोकांना वाटतं सपाट असणार. मलाही वाटलं होतं. कोकणात तसं नाही. सह्याद्रीतून येणारी प्रत्येक नदी जांभ्याचा सडा कापून समुद्राला मिळते. म्हणून रस्ता सड्यावरून खाली खाडीवर उतरतो, फेरीबोटीने पलीकडे जातो, की लगेच छातीवर येणारा चढ. तो चढून वर सड्यावर आलं की पुढची खाडी दिसायला लागते. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, अशा चार फेरीबोटी. तिकडे लोक त्यांना जंगलजेटी म्हणतात. बोटीत बसलं की वाटतं विश्रांती, पण ती चढाआधीची विश्रांती असते.

एक गोष्ट मात्र आमच्या बाजूने होती. हिवाळ्यात या किनाऱ्यावर दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो. आम्ही दक्षिणेला जात होतो, म्हणजे तो पाठीशी. तुमच्यापैकी कोणी जाणार असेल तर मुंबईकडून खाली जा. उलटं आलात तर रोज दुपारी वारा तोंडावर येईल.

आता चौथ्या दिवसाबद्दल. त्या दिवशीच्या रकान्यात मी हर्णै ते गणपतीपुळे लिहिलं होतं. दोन फेरीबोटी, शंभरेक किलोमीटर आणि चढांची तर मोजदाद नको. कॅप्टनचा उजवा गुडघा आदल्या दिवसापासून दुखत होता. गुहागरला जेवताना ती म्हणाली, "आज वेळणेश्वरला थांबू या का?" मी तक्ता उघडला. आज थांबलो तर उद्याचं परवावर, परवाचं तेरवावर, आणि पहिल्या बाकावरचीची रजा गोव्यापर्यंतचीच. मी म्हटलं, "थोडंच राहिलंय गं, जमेल." ती काही बोलली नाही. शाळेतही ती असंच करायची. मार लागला तरी सांगायची नाही.

हेदवीच्या पुढे मी, मॉनिटर आणि पहिल्या बाकावरची पुढे सुटलो. सूर्य कलला होता. उजेड असेपर्यंत तवसाळची बोट मिळवायची हे माझ्या डोक्यात. आम्ही धक्क्यावर पोहोचलो, बोट सुटायच्या बेतात होती. मी म्हटलं, ते दोघं पुढच्या बोटीने येतील. चढलो. बोट अर्ध्या खाडीत गेल्यावर मी पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. धक्क्यावर कोणी नव्हतं.

जयगडला उतरून आम्ही थांबलो. पुढची बोट आली, त्यात ते नव्हते. फोन लागेना. त्यानंतरच्या बोटीतही नव्हते. अंधार पडला. मॉनिटर एकही शब्द बोलत नव्हता. माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते मी इथे सांगत नाही. एवढंच सांगते की कॅप्टनच्या मुलीचा मला मेसेज आला होता, "मावशी, आई फोन उचलत नाही, सगळं ठीक ना?" आणि मला त्याचं उत्तर लिहिता येत नव्हतं.

रात्री साडेआठला दुकानदाराचा फोन आला. उतारावर वळणाला बारीक खडी होती, कॅप्टनचं मागचं चाक सरकलं, ती पडली. कोपर सोललं होतं, गुडघा सुजला होता, हाड शाबूत होतं. चाकाच्या चार तारा तुटल्या होत्या आणि रिम आऊट झाली होती. शेजारच्या वाडीतल्या एका घरातल्या आजींनी त्यांना आत घेतलं, गरम पाणी दिलं, पिठलंभात वाढला. तिचा पाय उशीवर ठेवून हा अंगणात बल्बखाली बसून चाकाचा आऊट काढत होता.

सकाळच्या पहिल्या बोटीने आम्ही तिघं परत तवसाळला गेलो. मी आयुष्यात पहिल्यांदा तक्त्याच्या उलट दिशेने चालले होते. कॅप्टन ओट्यावर बसली होती. मी माफी मागितली. ती म्हणाली, "पडल्याचं काही नाही गं. पडल्यावर मी हाक मारली, तर पुढे कोणीच नव्हतं."

आजींच्या ओट्यावर चहा पिताना आमचा नवा नियम ठरला. तो दुकानदाराने सांगितला. त्याच्याच शब्दांत सांगते: "पुढचा मागे बघत नाही, त्याला सवयच नसते. मागच्याला मात्र पुढचं दिसतंच. म्हणून जो सगळ्यात हळू, त्याला पुढे ठेवायचं. त्याच्या वेगाने सगळे. जो सगळ्यात जोरात, तो शेवटी." मी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? म्हणाला, "कोणी नाही. मी नेहमी मागेच असतो, तिथून दिसतं."

मी माझा तक्ता त्या दिवशी पुसला नाही, पण बदलला. वेळा काढून टाकल्या. फक्त गावांची नावं ठेवली. जयगडला दोन दिवस थांबलो. त्यानंतर कॅप्टन पुढे, मी शेवटी. पहिले दोन-तीन दिवस मला फार जड गेलं. सारखे ब्रेक लावावे लागायचे. मग हळूहळू मला दिसायला लागलं की मॉनिटरचा डावा खांदा चढावर पडतो, म्हणजे तो दमला आहे. पहिल्या बाकावरची पाणी प्यायची विसरते. दुकानदार दर अर्ध्या तासाने पाठ ताणतो. हे सगळं आधीही होतच असणार. मी पुढे होते म्हणून मला माहीत नव्हतं. आणि गंमत म्हणजे दिवसाला आम्ही साधारण तेवढंच अंतर कापत होतो. आधी मी पुढे जाऊन अर्धा अर्धा तास वाट बघत थांबायचे, तो वेळ वाचला.

गोव्यात पहिल्या बाकावरचीची रजा संपली. मडगाव स्टेशनवर तिची सायकल पार्सलमध्ये चढवली. गाडी सुटली तेव्हा आम्ही चौघं प्लॅटफॉर्मवर लहान मुलांसारखे हात हलवत होतो. त्या रात्री मॉनिटरने त्या सहा पारशी तरुणांची गोष्ट पुन्हा काढली. सहा निघाले, पण प्रदक्षिणा तिघांनीच पूर्ण केली, हकीम, बापासोला आणि भूमगरा. त्या तिघांनी १९३१ साली पुस्तक काढलं, 'विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड'. मॉनिटरचं म्हणणं, पूर्ण करणाऱ्या तिघांची नावं मोठी होतात, वाटेत थांबलेल्या तिघांची कोणी घेत नाही. म्हणून मघाशी मी सहाही नावं घेतली.

कारवारला शिरताना काळी नदीवरचा जुना पूल ओलांडला. पुलावर थांबून फोटो काढले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२४ मध्ये, तो पूल रात्री कोसळला. बातमी पाहिली तेव्हा चौघांनी एकमेकांना एकाच वेळी फोन लावले, म्हणून कोणाचाच लागेना.

गोकर्ण, मुरुडेश्वर, उडुपी, मंगळुरू. भाषा बदलत गेली, पण पंक्चरच्या दुकानात आमच्या मित्राला कुठेच अडचण आली नाही. तो समोरच्याचं काम बघत उभा राहायचा, मग एखादा पाना पुढे करायचा, आणि पाच मिनिटांत दोघं गप्पा मारायला लागायचे. हा मराठीत, तो कन्नडमध्ये. मी अशा वेळी फोनवर भाषांतराचं अॅप उघडून उभी असायची आणि माझ्याकडे कोणी बघायचं नाही.

केरळात शिरलो आणि धूळ सुरू झाली. राष्ट्रीय महामार्ग ६६ सहा पदरी करायचं काम जागोजागी चाललं होतं. १७ डिसेंबरला कन्नूरला पोहोचलो आणि त्या रात्री दक्षिण तमिळनाडूत आभाळ फाटलं. कायलपट्टिणमला एका दिवसात नव्वद सेंटिमीटरहून जास्त पाऊस पडला. २६ जुलैला आपल्या सांताक्रूझला ९४ सेंटिमीटर पडला होता, तेव्हा चारकोपमध्ये काय झालं ते आपण पाहिलं आहे, म्हणून आकडा वाचून अंगावर काटा आला. तिरुनेलवेली, तुतुकुडी पाण्याखाली, कन्याकुमारी जिल्ह्यातही पूर. पुढे जायचं की परत फिरायचं, हा प्रश्न पडला. तिथे माणसांची घरं बुडालेली असताना आपण मौजेसाठी जाणं बरं दिसतं का, हाही होता. ठरलं की एक दिवस थांबायचं, मग रोज संध्याकाळी बातम्या बघून पुढच्या दिवसापुरतंच ठरवायचं, आणि मदतीच्या आड येणार असू तर तिरुवनंतपुरमहून परत फिरायचं.

तो कन्नूरचा थांबलेला दिवस. बाहेर ढग, लॉजच्या गॅलरीत आम्ही चौघं. गप्पा शाळेवर आल्या. मॉनिटरने २०१६ च्या मेळाव्याची आठवण काढली. दहावीला वीस वर्षं झाली म्हणून आपण इथेच जमलो होतो, सगळ्यांनी निळे टी-शर्ट घातले होते. कॅप्टन दुकानदाराला म्हणाली, "तू का नव्हतास रे तेव्हा?"

तो म्हणाला, "होतो की. गेटपाशी होतो. तुमच्यातल्या कोणाच्या तरी मुलाची सायकल पंक्चर झाली होती, ती काढायला बोलावलं होतं. आत फोटो चालला होता."

"मग आत का नाही आलास?"

"मी तुमच्या बॅचचा कुठे? मी नववीत राहिलो. यादीत नाव नव्हतं ना माझं."

मंडळी, ती यादी मी केली होती. २०१६ ला सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं, इतके नंबर शोधून काढले म्हणून. मी काय केलं होतं? शाळेतून दहावीचा निकाल मिळवला आणि त्यावरून यादी केली. माझ्या धंद्यात याला साधी चूक म्हणतात. सुरुवातीची माहितीच अपुरी घेतली तर पुढचं सगळं काम कितीही नीट केलं तरी उत्तर अपुरंच येतं. त्या यादीत नववीत राहिलेला कोणी नव्हता. सातवीत वडिलांची नोकरी गेली म्हणून गावी गेलेली कोणी नव्हती. आठवीत लग्न झालेली नव्हती. जो आमच्याबरोबर पहिलीपासून नववीपर्यंत नऊ वर्षं एका वर्गात बसला, तो आमचा नाही. आणि जो नववीत नवीन आला आणि दहावी पास झाला, तो आमचा. आणि मी हे कोणाला दुखवायचं म्हणून केलं नव्हतं. मी पुढे होते, म्हणून दिसलं नाही.

मी त्याला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "त्यात काय एवढं. पंक्चरचे पैसे दिले होते." आणि चहा सांगायला खाली गेला.

पुढचा प्रवास लवकर सांगते. माहे, कोळिकोड, गुरुवायूर. वैपीनहून फोर्ट कोचीला पुन्हा तसलीच बोट, तिकडे तिला जंकार म्हणतात. कोकणातली जंगलजेटी इथली सख्खी बहीण दिसते. नाताळ जवळ आला होता, घराघरावर चांदण्या लागल्या होत्या. आलप्पुळा, कोल्लम, वर्कला. रोज संध्याकाळी बातम्या. पाणी ओसरत होतं. तिरुवनंतपुरमला चौकशी केली, महामार्ग सुरू होता. कळियिक्काविळैला तमिळनाडूत शिरलो. रस्त्याकडेची भातशेती अजून पाण्यात होती. आमच्याकडे द्यायला फार काही नव्हतं. नागरकोइलला दुकानदाराने उरलेल्या नव्या ट्यूब आणि अर्धी हत्यारं एका दुकानात दिली, त्याचं सामान पाण्यात गेलं होतं. पैसे घ्यायला हा तयार नाही, फुकट घ्यायला तो तयार नाही. शेवटी त्याने आमच्या चारही सायकलींच्या चेन धुऊन, तेल घालून दिल्या.

२५ डिसेंबरला दुपारी कन्याकुमारी. माझ्या सायकलच्या मीटरवर १,६८४ किलोमीटर. समोर विवेकानंद शिलास्मारक. ते १९७० साली उभं राहिलं, आणि त्यामागे एकनाथ रानडे हा आपला मराठी माणूस होता. शेजारी तिरुवळ्ळुवरांचा १३३ फुटी पुतळा. शेवटच्या शंभर मीटरला कॅप्टनने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. म्हणाली, "आता एका रांगेत नको." रस्ता रुंद होता. चौघं एका ओळीत गेलो. मडगावहून परत गेलेलीला व्हिडिओ कॉल लावला, ती ड्यूटीवर होती, तिने वॉर्डच्या दारात उभं राहून आम्हाला पाहिलं. परत येताना नेत्रावती एक्सप्रेसने आलो. जे अंतर कापायला आम्हाला चोवीस दिवस लागले, ते गाडीने दीड दिवसात गेलं. खिडकीतून खाडी दिसली की चौघंही उठून बघायचो.

आल्यावर मी शाळेत आले. मुख्याध्यापिका बाईंनी परवानगी दिली, आणि ऑफिसातल्या काकांनी कपाटाच्या तळातून जनरल रजिस्टर काढून दिलं. ज्यात आपण पहिलीत आलो तेव्हा आपलं नाव, जन्मतारीख, आधीचा पत्ता लिहिला जातो, आणि शाळा सोडली की शेवटच्या रकान्यात कारण लिहिलं जातं, ते. आमच्या वर्गाची पहिलीत बासष्ट नावं होती. त्यातली माझ्या २०१६ च्या यादीत एकेचाळीस होती. एकवीस नावं गेली कुठे? शेवटच्या रकान्यात त्यातल्या काहींसमोर 'बदली', काहींसमोर 'गावी', आणि बऱ्याच जणांसमोर फक्त 'गैरहजर' लिहिलं आहे.

आम्ही पाच जणांनी ती नावं वाटून घेतली. सायकलवरूनच शोधत हिंडलो, चारकोप, गोराई, मालवणी, एकदा विरारपर्यंत. आतापर्यंत नऊ जण सापडले. त्यातले तिघं आज या सभागृहात आहेत. एकाचं घर सापडलं तेव्हा कळलं की तो तीन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या आईंनी आम्हाला आत बसवलं, त्याचा चौथीतला वर्गाचा फोटो काढून आणला आणि बोट ठेवून आम्हालाच विचारलं, यातली तू कुठली? निघताना म्हणाल्या, "शाळेतून कोणीतरी आलं. बरं वाटलं." आम्ही जरा लवकर यायला हवं होतं. तीन वर्षं लवकर.

म्हणून माझी आजच्या मेळाव्याला एकच विनंती आहे. ही आमच्या एका बॅचची गोष्ट नाही. इथे बसलेल्या प्रत्येक बॅचची यादी कोणीतरी माझ्यासारखीच दहावीच्या निकालावरून केली असणार. पुढच्या मेळाव्याच्या याद्या जनरल रजिस्टरवरून करू या. संगणकाचं काम मी करते, त्याचं मला काही वाटत नाही. पण गैरहजर लिहिलेला माणूस कुठे राहतो, हे संगणकाला माहीत नसतं. ते तुम्हाला माहीत असतं. बाहेर चहाच्या टेबलाशेजारी आमच्या वर्गातल्या उरलेल्या बारा नावांचा कागद लावला आहे. शेजारी पेन बांधून ठेवलं आहे. कोणाची मावशी शेजारी राहत असेल, कोणी भाजीबाजारात पाहिलं असेल, जे आठवेल ते लिहा. चुकीचं निघालं तरी चालेल, आम्ही जाऊन बघून येऊ.

आणि ज्याने नाव घेऊ नको म्हणून सांगितलं, तो आज पहिल्यांदा गेटच्या आत आला आहे. नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत बसला आहे. फोटोच्या वेळी त्याला पुढे उभं करायचं काम मी कॅप्टनवर सोपवते, ती ऐकून घेणारी नाही.

रविवारी सकाळी सहाला दुकानासमोरून निघतो. मार्वे, मनोरी, गोराई, उत्तन. सायकल नसेल तर दुकानात भाड्याने मिळेल, आता तासाला दोन रुपयांत मात्र नाही. हवा भरून या, पाण्याची बाटली आणा. हळू चालवणारे पुढे राहतील.